विषाणू प्रकाशतो तेव्हा नेमके काय मोजले जाते?

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. पुढचे काही आठवडे तपासणीसाठी शहरात लांबच लांब रांगा लागल्या आणि रुग्णांच्या घशातल्या स्रावाचे नमुने पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, तपासले जाऊ लागले. आरटी-पीसीआर चाचणी नमुन्यात विषाणूचा आरएनए आहे की नाही हे सांगते. पण लागण किती पेशींना झाली, औषध दिल्यावर ती थांबली का, हे प्रश्न उरतातच. प्रयोगशाळेत त्यांचा शोध घेण्याचे एक साधन म्हणजे रिपोर्टर विषाणू. या पाठात त्याचे काम आणि त्याच्या मर्यादा पाहू.

१. रिपोर्टर म्हणजे काय?

एका जेलीफिशमध्ये जीएफपी नावाचे प्रथिन असते. त्यावर निळा प्रकाश पडला की ते हिरवा प्रकाश बाहेर टाकते. या गुणधर्माला प्रतिदीप्ती किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. जीएफपीवरील कामासाठी शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सियेन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे प्रथिन २३८ अमिनो आम्लांचे आहे. प्रत्येक आम्लाला तीन अक्षरे धरली तर जनुक सुमारे ७२० अक्षरांचे होते. हे जनुक विषाणूत बसवले, की विषाणू पेशीत शिरून स्वतःची प्रथिने बनवताना जीएफपीही बनवतो आणि पेशी हिरवी दिसू लागते.

२. जनुक बसवायचे कुठे?

इन्फ्लुएन्झा ए विषाणूचा जीनोम आरएनएच्या आठ तुकड्यांत विभागलेला असतो. एकूण लांबी सुमारे १३,५०० अक्षरे. सर्वांत लहान तुकडा एनएस. तो अवघा ८९० अक्षरांचा. त्यात ७२० अक्षरे घालणे म्हणजे दुचाकीवर जवळजवळ दुसरी दुचाकी लादणे!

हे शक्य झाले ते रिव्हर्स जेनेटिक्समुळे. १९९९ पासून आठही तुकड्यांच्या डीएनए प्रती पेशीत सोडून पूर्ण इन्फ्लुएन्झा विषाणू घडवता येतो. त्यातली एक प्रत आपल्याला हवी तशी बदलायची, एवढेच. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील गटाने पीआर८ या प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणात एनएस१ प्रथिनाला जीएफपी जोडून असा विषाणू तयार केला.

३. मोजणी कशी करायची?

फ्लो सायटोमीटर पेशींना एकामागून एक लेझरसमोरून नेतो आणि हिरव्या पेशी मोजतो. समजा, १,००,००० पेशींपैकी ४० टक्के हिरव्या निघाल्या. मग लागण करणारे कण ४०,००० होते का? नाही. काही पेशींत एकाहून जास्त कण शिरलेले असतात. म्हणून प्वासाँ वितरण वापरतात:

न प्रकाशलेल्या पेशींचे प्रमाण = e^(−m)
०.६० = e^(−m), म्हणून m ≈ ०.५१

म्हणजे कण सुमारे ५१,००० होते. मात्र ही मोजणी पहिल्याच फेरीची हवी. पीआर८ साठी माध्यमात ट्रिप्सिन घातले नाही, तर नव्या कणांवरील हिमॅग्लुटिनिन कापले जात नाही आणि ते पुढच्या पेशीला लागण करू शकत नाहीत.

४. मीटरचा भार

विद्युत प्रयोगशाळेतले एक उदाहरण आठवा. १० व्होल्टच्या पुरवठ्यावर १ मेगाओहमचे दोन रोध एकसरीत आहेत. एकावर ५ व्होल्ट असायला हवेत. तिथे १ मेगाओहमचा व्होल्टमीटर लावला, तर तो ३.३३ दाखवतो. मीटर बिघडलेला नाही. त्याने मंडलच बदलले आहे.

रिपोर्टर विषाणूचे असेच होते. जादा ओझ्यामुळे तो उंदरांत मूळ विषाणूपेक्षा सौम्य ठरतो. शिवाय पिढ्यांमागून पिढ्या वाढवताना जीएफपी गमावलेले कण तयार होतात. हलके असल्याने तेच पुढे जातात. २०१५ मध्ये कावाओका यांच्या गटाने चार रंगांचे ‘कलर-फ्लू’ विषाणू प्रसिद्ध केले. त्यांनी विषाणू उंदरांत पुन्हा पुन्हा वाढवून रंग टिकवणारा आणि तरीही आजार घडवणारा प्रकार निवडला होता.

५. अंधाराचे तीन अर्थ

आता मुख्य मुद्दा. एका खाचेत नवे औषध टाकले आणि तिथे प्रकाश दिसला नाही. औषध लागू पडले का?

(अ) औषधाने विषाणू रोखला असेल.
(आ) औषधाने पेशीच मारल्या असतील.
(इ) विषाणूने जीएफपी गमावले असेल आणि लागण न दिसता चालू असेल.

(आ) तपासण्यासाठी पेशी जिवंत आहेत का याची वेगळी चाचणी करतात. (इ) साठी विषाणूच्या एनपी प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी वापरतात. पेशीत एनपी आहे, पण हिरवा रंग नाही, तर रिपोर्टर गळला. औषध न टाकलेली खाच शेजारी हवीच. शेवटी मूळ, न बदललेल्या विषाणूवर तोच प्रयोग करावा लागतो. या पायऱ्या गाळल्या, तर निरुपयोगी किंवा विषारी रसायन औषध म्हणून पुढे सरकू शकते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. प्रकाश दिसला म्हणजे एनएस तुकडा काम करतो आहे, एवढेच सिद्ध होते. इन्फ्लुएन्झाचे अनेक कण आठही तुकड्यांची प्रथिने बनवू शकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक हिरवी पेशी नवे विषाणू सोडेलच असे नाही.

सरावासाठी प्रश्न

१. ६३ टक्के पेशी हिरव्या असतील तर m किती? (उत्तर: सुमारे १)
२. दोन फेऱ्या झाल्यानंतर मोजणी केली, तर वरचे सूत्र का चालत नाही?
३. तुमच्या शाखेतले असे एक उपकरण सांगा, जे मोजताना मोजायची गोष्टच बदलते. त्याची चूक तुम्ही कशी पकडाल?