एन्झाइमची खाच हातात घेऊन बघा!

बारावीला आपण सगळ्यांनीच ‘कुलूप-किल्ली’ची आकृती काढलीय. खाच असलेला एक गोळा, त्यात बसणारा तुकडा, बाजूला नावं. मार्क मिळाले, विषय संपला! पण खरी अ‍ॅक्टिव्ह साइट अशी सपाट नसते. ती समजायला शास्त्रज्ञांनाही मॉडेल लागलं.

१९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या टीमने लायसोझाइमची त्रिमितीय रचना शोधली. एखाद्या एन्झाइमची ही पहिलीच रचना. लायसोझाइम आपल्या अश्रूंमध्ये असतं आणि बॅक्टेरियाची भिंत तोडतं. त्याच्या मॉडेलमध्ये एक लांब फट दिसली. बॅक्टेरियाच्या भिंतीतली शर्करेची साखळी टीमने मॉडेलवरच त्या फटीत बसवून पाहिली. पहिल्या तीन कड्या नीट बसल्या, चौथी काही बसेना. तिचा आकार थोडा वाकवावा लागला. त्यावरून अंदाज बांधला गेला, की साखळी चौथ्या आणि पाचव्या कडीच्या मध्ये तुटते. तिथेच फटीच्या दोन बाजूंना ३५ आणि ५२ क्रमांकाची अमिनो आम्लं समोरासमोर होती.

तुम्हीही करून बघा. लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्लं असतात. वाकणाऱ्या तारेत तेवढेच मणी ओवा. ३५वा आणि ५२वा लाल घ्या. सरळ तारेत दोघांमध्ये १६ मणी आहेत. आता ते समोरासमोर येईपर्यंत तार दुमडा. झाली तुमची अ‍ॅक्टिव्ह साइट! उष्णतेने एन्झाइम निकामी का होतं, याचं उत्तरही याच तारेत आहे. घडी उलगडा, खाच गायब!