शाळेसाठी कोणते लिनक्स?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेची संगणक-खोली डोळ्यांसमोर आणा. दहा-बारा यंत्रे आहेत, नीट चालतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप या जुन्या यंत्रांत नाही. ती भंगारात काढायची नसतील तर लिनक्सचा मार्ग उरतो. पण कोणते लिनक्स?

लिनक्स म्हणजे खरे तर नुसता गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये जाहीर केला. या गाभ्याला लेखनाच्या, चित्रांच्या, इंटरनेटच्या हजारो आज्ञावली जोडून, त्यांचे एकमेकींशी पटते ना हे तपासून जो संच तयार होतो त्याला ‘वितरण’ म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू ही अशी वितरणे. आपल्या सी-डॅकचे ‘बॉस’ हेही डेबियनवरच उभे आहे. आपण बहुधा पडद्यावरची सजावट पाहून निवड करतो. शाळेने मात्र आधी वेळापत्रक पाहावे.

फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तिची देखभाल सुमारे १३ महिने होते. डेबियनची रीत निराळी : तयार होईल तेव्हाच प्रकाशन. आधी काही महिने नवे काही घेणे बंद करून फक्त चुका काढतात. १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये.

याचा परिणाम मराठीवरही होतो. ‘लोहित’ या मुक्त टंकाची देखभाल रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी केली. समजा, अशा टंकातले एखादे जोडाक्षर दुरुस्त झाले. फेडोरा वापरणाऱ्याला ते काही महिन्यांत मिळेल. डेबियनवाल्याला कदाचित पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागेल.

मग डेबियन असुरक्षित का? नाही. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. सुरक्षेतले भोक सापडले की तेवढ्यापुरते ठिगळ जुन्या आज्ञावलीला लावले जाते. बाकीचे कापड तेच राहते. त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक जुना दिसला तरी आज्ञावली सुरक्षित असू शकते. वर्गात हे फायद्याचेच, कारण काल शिकवलेले बटण आज जागेवर सापडते.

उबुंटूची आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. त्यांतल्या बहुतेकांची देखभाल नऊच महिने. सम वर्षांच्या एप्रिलमधली मात्र पाच वर्षे टिकते. म्हणजे सहावीतली मुलगी दहावी होईपर्यंत. एप्रिल शाळेलाही सोयीचा, कारण विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी लांब असते. फक्त एक लक्षात ठेवा : ही पाच वर्षे प्रकाशनापासून मोजतात, तुम्ही बसवल्या दिवसापासून नव्हे. एप्रिल २०२४ ची आवृत्ती २०२६ च्या जूनमध्ये बसवली तर हाती तीनच वर्षे राहतात.

दिलेली मुदत बदलूही शकते. सेंटओएस ८ ची देखभाल २०२९ पर्यंत चालायची होती. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२१ च्या अखेरीस ती संपली. तिच्यावर विसंबलेल्या प्रयोगशाळांची तारांबळ उडाली.

आपली यंत्रे अगदी जुनी, ३२ बिटांची असतील, तर आणखी एक अडचण : डेबियन १३ त्यांच्यावर नव्याने बसवता येत नाही. आधी प्रोसेसरचे नाव पाहून घ्या. मग पेन-ड्राइव्हवरून एकाच यंत्रावर चालवून पाहा.