‘द रोझ ऑफ कॅस्टिल’चा जमाखर्च

हौस ही कलेची जननी खरी; परंतु कलेच्या संगोपनाचा सारा खर्च हौसेतून भागत नाही. आयर्लंडमधील वेक्सफर्ड या लहानशा गावातील ऑपेराचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

मायकेल बाल्फ या आयरिश संगीतकाराचा ‘द रोझ ऑफ कॅस्टिल’ हा इंग्रजी ऑपेरा 1857 मध्ये लंडनला प्रथम रंगमंचावर आला. वेषांतर केलेली राणी आणि खेचरे हाकणारा नायक यांच्या प्रेमाची ही कथा. त्या काळच्या इंग्रजी ऑपेरात गाण्यांच्या मधून गद्य संवाद येत. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला तो प्रकार फारसा परका वाटला नसता. पुढे अभिरुची पालटली आणि असे ऑपेरा मागे पडले.

1950 मध्ये वेक्सफर्डमधील ऑपेरा अभ्यास मंडळात कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी व्याख्यानासाठी आले. तबकड्या ऐकत बसण्यापेक्षा गावातल्या नाट्यगृहात स्वतःच ऑपेरा का करू नये, असे त्यांनी सुचविले. मंडळाचे प्रमुख डॉ. टॉम वॉल्श हे रुग्णालयातील भूलतज्ज्ञ. त्यांच्या सहकाऱ्यांत एक हॉटेलचालक होता, तसाच एक पोस्टमनही. या मंडळींनी पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1951 मध्ये, 1832 साली उघडलेल्या जुन्या थिएटर रॉयलमध्ये ‘द रोझ ऑफ कॅस्टिल’ उभा केला. समूहगायनाला गावातलीच माणसे होती.

ही कथा सामान्यतः येथेच थांबते आणि हौशी कार्यकर्त्यांच्या जिद्दीचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु जमाखर्चातील एक मोठी बाब त्यात नजरेआड होते. वाद्यवृंद आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीचा होता आणि ही नभोवाणी त्या वेळी टपाल व तार खात्याच्या अखत्यारीत होती. म्हणजे गायकांमागे वाजणाऱ्या वाद्यांचा पगार सरकारी तिजोरीतून येत होता. हौसेच्या खांद्याला सार्वजनिक पैशाचा खांदा पहिल्या दिवसापासून लागलेला होता.

याचे कारण कलेच्या अर्थशास्त्रात आहे. विल्यम बाउमोल व विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये ते मांडले. यंत्रामुळे कारखान्यातील कामगार दर तासाला पूर्वीपेक्षा अधिक माल काढतो आणि त्याचे वेतन वाढते. परंतु 1857 चा ऑपेरा वाजवायला आजही जवळजवळ तितकीच माणसे व तितकाच वेळ लागतो. वादकाचे वेतन मात्र इतरांच्या बरोबरीने वाढवावे लागते. नाही तर तो दुसरा धंदा धरील. उत्पन्न आणि खर्च यांतील ही दरी व्यवस्थापकाच्या उधळपट्टीने पडत नाही. ती त्या व्यवसायाच्या घडणीतच असते.

इंग्लंडमधील कार्ल रोझा कंपनीचे उदाहरण येथे आठवते. 1873 मध्ये मँचेस्टरला ‘मॅरिटाना’ या इंग्रजी ऑपेराने तिने आरंभ केला आणि गावोगाव फिरून इंग्रजी भाषेत ऑपेरा नेला. 1958 मध्ये तिचे सरकारी अनुदान थांबले आणि 1960 मध्ये तिचा पडदा पडला. वेक्सफर्डचा महोत्सव मात्र टिकला. जुने नाट्यगृह पाडून त्याच जागी 2008 मध्ये, मुख्यतः सरकारी साहाय्याने, सुमारे 770 आसनांचे नवे ऑपेरागृह उभे राहिले. आजही तेथे शेकडो स्वयंसेवक राबतात.

कारकुनाच्या करातून रसिक श्रीमंतांची करमणूक का व्हावी, हा आक्षेप मात्र गैरलागू नाही. अनुदान मिळूनही तिकीट सामान्याच्या आवाक्याबाहेर राहत असेल, तर त्या अनुदानाचे समर्थन करणे कठीण आहे. म्हणून साहाय्य देताना स्वस्त आसने, शाळांसाठी प्रयोग आणि स्थानिकांचा सहभाग यांची अट घालणे रास्त ठरते. पण लोक फुकट राबतात, म्हणून पैसा देण्याची गरज नाही, हा राज्यकर्त्यांचा आवडता युक्तिवाद साफ चुकीचा आहे. पोस्टमन आपली संध्याकाळ देऊ शकतो. वादकाचे वर्षभराचे घर तो चालवू शकत नाही. वेक्सफर्डला हे दोन्ही हिशेब जुळवावे लागले, आणि म्हणूनच तेथील पडदा अजून वर जातो.