प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट का साठते?

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील प्रवाळ सहसा एकाएकी दगावत नाहीत. आधी त्यांचे निळे, जांभळे, हिरवे रंग मळकट तपकिरी होतात, वाढ मंदावते, खडकांवर व काचेवर केसाळ शेवाळ चढू लागते. मासे मात्र व्यवस्थित खात-पीत असल्याने टाकीच्या मालकाला धोक्याची जाणीव उशिरा होते. अशा वेळी पाणी तपासले तर बहुधा एक आकडा वाढलेला आढळतो, तो नायट्रेटचा.

हे नायट्रेट येते कोठून? त्याचे उत्तर माशांच्या खाद्याच्या डबीत आहे. खाद्यातील प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नत्र असते. माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून हे नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात येते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. अमोनिया हे जहाल विष असल्याने ही व्यवस्था माशांसाठी वरदानच ठरते. अडचण पुढे आहे. नायट्रेटचे वायुरूप नत्रात रूपांतर करून त्याला पाण्याबाहेर घालवणारे जिवाणू प्राणवायू जवळजवळ नसलेल्या जागीच काम करतात आणि चकचकीत, खळाळत्या पाण्याच्या टाकीत अशा जागा थोड्याच असतात. त्यामुळे नायट्रेट साठत राहते.

त्याचा हिशेब मांडणे उद्बोधक ठरेल. २०० लिटरच्या टाकीत रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य टाकले आणि त्यात ४५ टक्के प्रथिने असली, तर दहा दिवसांत ०.७२ ग्रॅम नत्र पाण्यात जाते. ते सर्व नायट्रेटमध्ये रूपांतरित झाले, तर सुमारे ३.२ ग्रॅम नायट्रेट तयार होते, म्हणजेच प्रतिलिटर १६ मिलिग्रॅमची भर पडते. काही नत्र माशांच्या शरीरात जाते, काही गाळणीत अडकते, म्हणून प्रत्यक्ष वाढ याहून कमी असते. तरीही प्रवाळद्वीपांभोवतीच्या स्वच्छ समुद्रात नायट्रेट प्रतिलिटर अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे चिमूटभर खाद्याचे मोल कळते.

प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. सूर्यप्रकाशात ते साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. नायट्रेट हे या शैवालाचे खत. खत मुबलक मिळाले की शैवालाची संख्या वाढते, त्याच्या तपकिरी रंगाखाली प्रवाळाचे मूळ रंग झाकले जातात आणि तयार झालेली साखर यजमानाकडे जाण्याऐवजी शैवालाच्या स्वतःच्या वाढीत खर्ची पडू लागते. भाडेकरूने घरमालकाचे स्वयंपाकघर बळकवावे, तसाच हा प्रकार!

याहूनही गंभीर बाब २०१३ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या यॉर्ग वीडनमान व सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आली. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट मात्र अपुरे अशी स्थिती असेल, तर शैवालाच्या पेशीपटलांची घडण बिघडते आणि उष्णता वा तीव्र प्रकाशाच्या ताणाखाली प्रवाळ लवकर पांढरे पडतात. टाकी सांभाळणाऱ्याला यातून थेट धडा मिळतो. शेवाळ दिसताच घाबरून फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त खडी गाळणीत भरायची आणि नायट्रेट तसेच ठेवायचे, हा उपाय रोगापेक्षा घातक ठरू शकतो.

उपाय योजण्यापूर्वी आकडा खरा आहे का, हे पाहावे. काही टेस्ट किट नायट्रेट दाखवतात, तर काही केवळ त्यातील नत्र. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४३ ने गुणावे लागते. म्हणजे एका किटवरचे १० हे दुसऱ्या किटवरचे ४४ असते. शिवाय बहुतेक किट नायट्रेटचे आधी नायट्राइट करून रंग दाखवतात. त्यामुळे नव्या टाकीत मुळातच नायट्राइट असेल, तर आकडा अवास्तव फुगतो.

दुसरा संशयित म्हणजे भरीचे पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट मान्य आहे. माणसाला चालणारे हे पाणी प्रवाळांना मुळीच मानवत नाही. शेतीच्या भागातील बोअरवेलच्या पाण्यात तर रासायनिक खतांमुळे नायट्रेट अनेकदा जास्त असते. म्हणून समुद्री मीठ कालवण्यासाठी आरओ यंत्रातून आणि त्यापुढे आयन शोषणाऱ्या रेझिनमधून गाळलेले पाणीच वापरण्याची पद्धत आहे.

पाणी बदलणे हा सर्वांत जुना व सुरक्षित उपाय. मात्र त्याची मर्यादा गणितातच दडलेली आहे. टाकीत दर आठवड्याला १० मिलिग्रॅमची भर पडत असेल आणि दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलले जात असेल, तर आकडा बदलापूर्वी ५० आणि बदलानंतर ४० या मर्यादेतच घुटमळत राहतो. वर्षभर पाणी बदलूनही नायट्रेट उतरत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडत असते. भर कमी केल्याखेरीज उतार नाही. खाद्य मोजून देणे, गोठवलेले खाद्य धुऊन त्याचे पाणी फेकून देणे, गाळणीतील स्पंज वेळच्या वेळी धुणे, खडकांमागचा गाळ उपसणे आणि माशांची संख्या आवरणे ही कामे कंटाळवाणी खरी, पण महागड्या यंत्रांपेक्षा गुणकारी आहेत.

निसर्गाकडून काम करून घेण्याचे मार्गही आहेत. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक टाकीत ठेवून केवळ हवेच्या बुडबुड्यांवर मासे व प्रवाळ जगवले आणि १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकातून ही पद्धत जगापुढे मांडली. सच्छिद्र खडकाच्या आत प्राणवायू पोहोचत नाही, तेथे नायट्रेट फोडणारे जिवाणू वसतात. पुढे फ्रान्सच्या ज्याँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून हेच साधले. मात्र अशी जुनी वाळू ढवळली गेल्यास विषारी हायड्रोजन सल्फाइड मोकळा होण्याचा धोका असतो. शेजारच्या छोट्या टाकीत कीटोमॉर्फा हे दोऱ्यासारखे शेवाळ वाढवून दर काही दिवसांनी त्याची कापणी करणे हा त्यामानाने सोपा उपाय. कापलेल्या शेवाळाबरोबर नत्र आणि स्फुरद दोन्ही बाहेर जातात.

व्होडका अथवा व्हिनेगरचे थेंब टाकण्याची युक्तीही प्रचलित आहे. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण तर्क सरळ आहे. कार्बन मिळाल्याने जिवाणू झपाट्याने वाढतात, वाढताना नायट्रेट व थोडे फॉस्फेट शोषतात आणि प्रोटीन स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. मात्र मात्रा चुकली तर पाणी दुधाळ होते, जिवाणू प्राणवायू संपवतात आणि एका रात्रीत मासे गुदमरतात. चांगला स्किमर नसेल, तर या वाटेला न गेलेलेच बरे.

भारतात मात्र कायद्याचे भान आवश्यक आहे. २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान असून, मालवणच्या वा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून ते काढणे व विकणे गुन्हा आहे.

आकडा किती असावा? दगडी प्रवाळांच्या टाकीत २ ते १० मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. मऊ प्रवाळ २० पर्यंतही तग धरतात. ५० वरून ५ वर येण्यास काही आठवडे, प्रसंगी महिने लागू द्यावेत. घाईने केलेल्या उताराने, विशेषतः पाण्याची क्षारता व तापमान न जुळवता केलेल्या मोठ्या बदलाने, जितके प्रवाळ दगावतात तितके नायट्रेटने क्वचितच दगावत असतील. आकडा शून्यावर नेण्याचा अट्टहासही नको. पोषणाअभावी प्रवाळ फिकट पडतात आणि रिकाम्या झालेल्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट्सची तपकिरी, चिकट जाळी पसरते. ती हटविण्यासाठी मग याच टाक्यांत सोडियम नायट्रेटचे द्रावण मोजून घालावे लागते.