पुढच्या चाकातली कटकट

विलीज जीप महिंद्राने १९४७ साली भारतात आणली. तिच्या घराण्यातली एखादी म्हातारी फोर-व्हीलमध्ये वळताना पुढून 'कट्-कट्' वाजली, की आपला नागपूरचा मिस्त्री सांगतो, "भाऊ, शाफ्ट गेला." बहुधा शाफ्टच्या टोकाचा जॉइंट झिजलेला असतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. काळ्या चिखलात चाक घसरून फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर सगळा पीळ शाफ्ट खातो. तिथे फोर-व्हील लावूच नये.

गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली घोडी हवीच. हब, ड्रम, स्पिंडल उतरवलं की शाफ्ट निघतो. मी घाईत तिरका ओढला, आतलं ऑइल सील फाटलं. डिफरन्शियलचं ऑइल ग्रीसमध्ये शिरलं आणि पुढच्या रविवारी सगळं पुन्हा खोललं! नवा शाफ्ट घेताना जुना सोबत न्या. लांबी आणि दाते दुकानातच जुळवा, डावा-उजवा सारखा नसतो.