ओट्यावरून मांजर कसं उतरवायचं?

१८९८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक हा तरुण संशोधक भुकेली मांजरं लाकडी फळ्यांच्या खोक्यांत ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचा. खोक्याबाहेर, मांजराला दिसेल अशा जागी खाणं. आत कुठेतरी दोरीचा फास किंवा खटका. तो ओढला गेला की दार उघडायचं. मांजर आधी सगळीकडे ओरबाडायचं, फटींतून पंजा बाहेर काढायचं, फळ्या चावायचं. या धडपडीत कधीतरी पंजा फासाला लागायचा आणि सुटका व्हायची. पुढच्या खेपांमध्ये हा वेळ हळूहळू कमी होत जायचा. थॉर्नडाइकने प्रत्येक खेपेचा वेळ नोंदवून आलेख काढले आणि त्यांतून मानसशास्त्रातला एक पायाभूत नियम हाती लागला. ज्या कृतीतून काही हवंसं मिळतं ती कृती पुन्हा होते, आणि जिच्यातून काहीच पदरी पडत नाही ती विरत जाते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मांजर असलेल्या प्रत्येक स्वयंपाकघरात हाच प्रयोग रोज चालतो. रविवारी वर्सोव्याच्या बाजारातून बोंबील येतात, सिंकपाशी साफ होतात, पाणी ओट्यावरून ओघळतं. कितीही पुसलं तरी वास राहतो, कारण मांजराचं नाक आपल्यापेक्षा कित्येक पटींनी तीक्ष्ण असतं. दुपारी घर झोपलं की मांजर वर चढतं आणि नळाखाली एखादा कल्ला, एखादं शेपूट त्याला सापडतं. पुढचे सहा दिवस काही सापडलं नाही तरी ते रोज चढून बघतं. कधीतरीच आणि अवचित मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं, हे बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कबुतरांवर आणि उंदरांवर पुन्हा पुन्हा दाखवलं. ‘आमचं मांजर ऐकतच नाही’ असं घरोघरी म्हटलं जातं तेव्हा मला त्या मांजराची बाजू घ्यावीशी वाटते. ते शिकलेलं असतं. त्याला शिकवलेलं असतं ओट्याने.

मग आपण ओरडतो. पाण्याचा फवारा मारतो, वर्तमानपत्राची सुरळी आपटतो. मांजर उडी मारून पळतं आणि उपाय लागू पडला असं वाटतं. पण मांजर यातून नक्की काय शिकलं? याचं उत्तर शोधताना खोक्यातल्या मांजरांचाच एक पुढचा प्रयोग उपयोगी पडतो. १९४६ साली गथ्री आणि हॉर्टन या दोघांनी काचेच्या दर्शनी भागाच्या खोक्यांत मांजरं ठेवली. मधल्या खांबाला धक्का लागला की दार उघडायचं. मांजरं दर वेळी जवळजवळ त्याच पद्धतीने खांबाला अंग घासायची, आणि संशोधकांनी ही शिकलेली ठरावीक हालचाल मानली. १९७९ साली मूर आणि स्टटर्ड यांनी दाखवून दिलं की बक्षीस नसतानाही मांजरं खांबाला अंग घासतात, फक्त समोर माणूस दिसायला हवा. माणूस नसेल तर घासत नाहीत. मांजराची ती माणसाला भेटण्याची रीत होती!

म्हणजे समोर माणूस असणं हा मांजराच्या दृष्टीने परिस्थितीतला फार मोठा भाग आहे. शिक्षेतून ते एवढंच शिकतं की आई स्वयंपाकघरात असताना ओट्यावर चढणं धोक्याचं. आई ऑफिसला गेली की धोका संपला. वर एक नुकसानही होतं. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं की घरातली मांजरं स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. ते नाव रोज ओरडण्यासाठीच वापरलं, तर खिडकीपाशी खरोखर संकट असताना हाक मारल्यावर मांजर आपल्याकडे येईल की पलंगाखाली जाईल, याचा विचार करायला हवा. मांजराला मारू नये, फवारेही मारू नयेत, हे मी केवळ दयेपोटी म्हणत नाही. या मार्गाने काम होतच नाही.

काम कशाने होतं, हे आपल्या जुन्या घरांना माहीत होतं. कोकणातल्या घरांत आढ्याला शिंकं टांगलेलं असायचं आणि त्यात दह्यादुधाची भांडी. मांजर तेव्हाही होतं, उंदरांसाठी हवंच होतं, आणि त्याला कोणी शिस्त लावायला जात नसे. भिंतीपासून दूर, अधांतरी, झुलणारं शिंकं म्हणजे उडी घ्यायला जवळ आधार नाही आणि पाय टेकायला स्थिर जागा नाही. मांजर उभ्या उभ्या दीड मीटरपर्यंत सहज उडी घेतं, त्यामुळे साधारण ८५ सेंटीमीटर उंचीचा ओटा त्याला पायरीसारखाच. पण उडी घेण्याआधी ते टेकायची जागा नीट न्याहाळतं आणि हलणाऱ्या जागेवर झेप घ्यायचं टाळतं. शिंक्यातून काहीच हाती लागत नसे, म्हणून त्याची सवयही लागत नसे. ‘शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं’ ही म्हण उरली, ती तसं क्वचित घडायचं म्हणूनच.

आजच्या वन बीएचकेत शिंक्याचं तत्त्व असं वापरता येतं: मासे साफ करून झाले की ओटा साबणाच्या गरम पाण्याने धुवायचा, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण, भांडी झाकून किंवा कपाटात. आणि घरात एकानेही ओट्यावर बसलेल्या मांजराला तुकडा द्यायचा नाही. हे सर्वांत अवघड. आजीच्या हातून एक घास गेला की आठवडाभराची मेहनत वाया जाते. आणखी एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. बक्षीस बंद झालं की मांजर सुरुवातीला कमी नव्हे, जास्त वेळा चढतं, जास्त ओरडतं. सवय मोडण्याआधी ती अशीच उसळते. नेमक्या याच वेळी बहुतेक घरं हार मानतात आणि एक तुकडा देऊन टाकतात, त्यामुळे सवय आणखी पक्की होते.

पण फक्त खाण्यासाठी मांजर वर चढत नाही. त्याचा पूर्वज, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर, स्वतः शिकारी होतं आणि मोठ्या जनावरांची शिकारही व्हायचं. अशा प्राण्याला सगळा परिसर दिसेल अशी उंच जागा आणि पाठीमागे आडोसा लागतो. आपल्या उपनगरांना हे समजायला लांब जावं लागत नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्या खडकावर, झाडाच्या फांदीवर बसून खालच्या हालचाली टिपतो, आणि वाघाटी, म्हणजे जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक, याच जंगलात राहते. फ्रिजच्या टपावर बसलेलं आपलं मांजर त्यांच्याच वंशाचं आहे.

उंचीच्या जोडीला ऊब. शरीराला जादा इंधन जाळावं न लागता आरामात राहता येईल असं तापमान मांजरासाठी ३० ते ३८ अंश सेल्सियस आहे. एसी २४ वर लावलेल्या खोलीत त्याला गारठा वाटतो. जुलैत पंधरा-पंधरा दिवस ऊन पडत नाही तेव्हा राउटर, सेट टॉप बॉक्स, लॅपटॉपचा कीबोर्ड आणि नुकतीच बंद केलेली शेगडी या घरातल्या उबदार जागा. त्यांवरून मांजराला उठवायचं असेल तर त्याहून उबदार जागा आधी तयार हवी: कपाटाच्या वर पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात जुनी गोधडी, एवढ्यावरही भागतं.

२०१३ साली मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी घरातल्या मांजराच्या गरजांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. सुरक्षित जागा, खाणं-पाणी-शौचाच्या वेगवेगळ्या जागा, शिकारीसारखा खेळ, माणसाची भरवशाची सोबत आणि मांजराच्या वासाच्या जगाचा मान, असे पाच मुद्दे त्यांत आहेत. तीनशे चौरस फुटांत हे कसं जमवायचं, असं वाटेल. पण मांजराचं घर चौरस फुटांत मोजायचं नसतं, भिंतीही मोजायच्या असतात. स्वयंपाकघराच्या दाराशी, ओट्याहून उंच अशी एक भक्कम फळी बसवली आणि पोळ्या लाटताना मांजराचं बक्षीस फक्त त्या फळीवर मिळू लागलं, तर मांजर ओट्याऐवजी फळीवर बसून आपल्याला बघत राहतं. सोबत हवी, वास हवा, उंची हवी, हे सगळं त्याला तिथे मिळतं. सोफा ओरबाडणाऱ्या मांजरासाठी सुतळी किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला खांब सोफ्याच्या शेजारीच ठेवावा. तो न डगमगणारा आणि मांजराला पूर्ण ताणून उभं राहता येईल इतका उंच असला पाहिजे. ओरबाडणं म्हणजे नखांची निगा आणि पंजातल्या ग्रंथींनी आपली खूण उमटवणं. ते थांबवता येत नाही, हलवता येतं.

आता धोक्याच्या उपायांविषयी. मांजर येऊ नये म्हणून कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाकणं, फिनेलने जमीन पुसणं, संत्र्याचं किंवा टी ट्रीचं तेल शिंपडणं हे उपाय शेजारीपाजारी सर्रास सांगितले जातात. ते करू नका. फिनॉलसारखी रसायनं शरीराबाहेर टाकायला यकृतात जे विकर लागतं, त्याचा एक महत्त्वाचा जनुक मांजरांमध्ये मोडून पडलेला आहे. हा दोष मार्जारकुळातल्या मोठ्या प्राण्यांतही आढळतो. पिढ्यानपिढ्या केवळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतली रसायनं पचवायची वेळच क्वचित आली, त्यामुळे जनुक निकामी झाला तरी अडलं नाही, असं संशोधकांना वाटतं. याच कारणाने माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनेल पुसलेल्या जमिनीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं, त्यामुळे विष सरळ पोटात जातं. दाराबाहेर ठेवलेल्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या निदान निरुपद्रवी आहेत, पण त्यांचा उपयोग होतो याला आधार नाही. मांजराला लाल रंग आपल्यासारखा दिसतही नाही.

देवघर मात्र खरोखर बंद ठेवावं अशी जागा आहे. पेटती समई, कापूर, आणि हाराचा दोरा. गिळलेला दोरा आतड्यांत अडकला तर त्यांना चुण्या पाडतो आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवाचून मांजर वाचत नाही. गौरी-गणपतीत झिरमिळ्यांचाही तोच धोका. पुष्पगुच्छात लिली असेल तर तो घरातच आणू नये. तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आणि खिडकी. घाटकोपर-मुलुंडच्या बैठ्या चाळी आणि तीन मजली इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. पूर्वी जिन्यावरून खाली जाऊन येणारं मांजर चौदाव्या मजल्यावर राहायला जातं. खिडक्या सरकत्या, आणि बाहेरून ग्रिल लावायला अनेक सोसायट्या परवानगी देत नाहीत. सज्ज्यावर कबुतरं येऊन बसतात. मांजराची नजर कबुतरावर खिळली की पायाखालच्या कडेचं भान राहत नाही. मांजर हवेत वळून पायांवर पडतं, हे एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली छायाचित्रांच्या मालिकेतून दाखवलं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे नऊएक मीटरवरून पडताना जमिनीवर आदळण्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. १९८७ साली न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातून १३२ पडलेल्या मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतली ९० टक्के वाचली, हा आकडा फार लोकप्रिय झाला. मात्र जी मांजरं जागीच गेली आणि रुग्णालयात आणलीच गेली नाहीत, ती या हिशोबात नाहीत. वाचलेल्यांतही बऱ्याच जणांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार लागले होते.

म्हणून ओट्याच्या बाबतीत शिकवायचं, खिडकीच्या बाबतीत शिकवण्यावर विसंबायचं नाही. डासांची जाळी मांजराच्या वजनाने चौकटीतून सुटते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी उन्हात ठिसूळ होते आणि दातांनी तुटते. चौकटीच्या आतल्या बाजूने स्टेनलेस स्टीलची जाळी स्क्रूने बसवावी. इमारतीचं बाहेरचं रूप बदलत नाही, त्यामुळे सोसायटीचीही सहसा हरकत नसते. जाळीच्या आत एक रुंद फळी बसवली तर मांजराला कबुतरं बघत दिवस काढता येतो. आणि कधी पडलंच, तर ते उठून चालू लागलं तरी डॉक्टरांकडे न्यावं, कारण फुप्फुसांना लागलेला मार आणि छातीत साचणारी हवा बाहेरून दिसत नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय बोरिवलीहून गर्दीच्या वेळी फार लांब पडतं. एक्स-रे आणि ऑक्सिजनची सोय असलेला, रात्रीही उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, ते मांजर घरी आणल्याच्या आठवड्यातच शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवावा.