खिशात मावणारा पंच

एटापल्लीहून गट्ट्याच्या किंवा जारावंडीच्या वाटेला लागलं, की मोबाइलच्या पडद्यावरच्या रेघा कुठं कुठं एकेक करून गळू लागतात. फोन मात्र आता टोल्याटोल्यांवर आहेत. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर चार मुलं बसलेली दिसतात. पण प्रत्येकाची मान आपापल्या फोनात. शेजारी दोस्त असून खेळ एकट्याचा!

असं का व्हावं? दोन फोनांवर मिळून खेळायचं, तर बहुतेक खेळांत दोन्ही फोन दूरच्या एखाद्या शहरातल्या यंत्राशी बोलतात. या यंत्राला सर्व्हर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर तो कबड्डीतला पंच. कोण बाद, कोणाचे किती गुण, हे तो ठरवतो आणि सर्वांना सांगतो. आता मैदान इथं, गडी इथं, आणि पंच तेवढा हजार किलोमीटरवर! मनोरा बंद पडला की खेळ संपला. तेव्हा साधा उपाय असा, की पंचालाच मैदानात आणून बसवावं.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाचं लहान गाव आहे. तिथल्या शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतली छोटी यंत्रं आली. इंटरनेट नसलं तरी ही यंत्रं परस्परांशी बिनतारी बोलू शकत. मुलांना त्यांवर मिळून लिहिता-खेळता येई. ती योजना पुढं मंदावली. पण २०१२ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज इथून ‘रास्पबेरी पाय’ नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक ३५ डॉलरला विक्रीस आला. २०२१ साली त्याचं आणखी लहान रूप निघालं, तेव्हा त्याची किंमत होती १५ डॉलर, आणि वायफाय अंगचंच. आपला पंच तो हाच.

याला वीज किती लागते? सरासरी दोन वॅट धरू. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास वीज मावते. चौथा हिस्सा वाटेत वाया गेला असं मानलं, तरी तेरा-चौदा तास निघतात. म्हणजे लाइट गेली तरी डाव मोडत नाही.

खरी अडचण आहे ती गर्दीची. वायफायच्या एका वाटेवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. ग्रामसभेत सगळे एकदम बोलले तर काय ऐकू येणार? समजा, वीस मुलं आहेत आणि प्रत्येक फोन सेकंदाला दहा निरोप धाडतो. दोनशे निरोप झाले. पंचानं प्रत्येक निरोप बाकी एकोणिसांना वेगळा कळवला, तर सेकंदाला तीन हजार आठशे! त्याऐवजी त्यानं सर्वांचे निरोप एकत्र बांधून प्रत्येकाला सेकंदाला दहाच गठ्ठे द्यावेत. म्हणजे पुन्हा दोनशेच. एवढ्या एका युक्तीनं स्वस्त यंत्र पुरून उरतं. तरीही आधी पाच फोन जोडून पाहावेत, मग दहा. अंगचा वायफाय कमी पडलाच, तर एखादा जुना राउटर मदतीला घ्यावा.

निरोपही दोन जातींचे असतात. धावणारा गडी आता कुठं आहे, हा निरोप साध्या पोस्टकार्डासारखा. एखादं हरवलं तरी लगेच दुसरं येतं. गुणांचा निरोप मात्र पूर्वीच्या रजिस्टर पत्रासारखा. त्याची पोच मिळालीच पाहिजे. प्रश्नमंजूषेसारख्या खेळात सगळेच निरोप दुसऱ्या जातीचे, पण संख्येनं अगदी थोडे. म्हणून शिक्षकांनी सुरुवात तिथूनच करावी.

आमची एक फजिती सांगतो. पहिल्या प्रयोगात यंत्र थेट भिंतीवरच्या विजेवर लावलं होतं. पाऊस आला, लाइट गेली, आणि नेमकं त्याच वेळी कार्डावर लिहिणं चालू असल्यानं कार्डच बिघडलं. मुलांचे सगळे गुण गेले. एक मुलगी तर रडू लागली. ती पहिली होती ना! तेव्हापासून आम्ही कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवतो, चालू खेळ यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात राहतो, आणि डाव संपला की गुण तेवढे कार्डावर उतरवतो.

आणखी एक सूचना. या वायफायवर इंटरनेट नाही हे पाहून फोन कुरकुरतो, कधी आपण होऊन वेगळा होतो. तेव्हा मोबाइल डेटा बंद करावा, आणि फोननं विचारलं तर ‘जोडलेलं राहू दे’ असं सांगावं.

कोणी विचारील, खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? मंडळी, पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना आळा घालण्यासाठी २०२५ साली संसदेला कायदा करावा लागला. या ओट्यावरच्या खेळात पैसा नाही, जाहिरात नाही, मुलाचं नावगाव बाहेर जात नाही. प्रश्न मास्तरांनी लिहायचे, मराठीत आणि माडियातही. माडिया शब्द मुलांना विचारून घ्यावेत. तिथं तीच आपली गुरू. ज्याच्याकडे फोन नाही त्याला दुसऱ्याच्या जोडीला बसवावं, म्हणजे एका फोनावर दोन डोकी चालतील.

यंत्र लहान आहे, पण त्यानं एक मोठी गोष्ट होते. मुलं फोनातून मान वर काढतात, आणि हरलेला जिंकलेल्याकडे पाहून हसतो.